वृक्षांची माता : वांगारी माथाई
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत कोणाचें तरी चरित्र सांगावें अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. बहुधा तें एखाद्या संताचें असतें. आज आम्ही जिचें चरित्र सांगावयास उभे आहोंत ती संत म्हणून घोषित झालेली नाहीं, आणि आपल्या देशांतलीही नाहीं. ती आफ्रिका खंडांतील केनया देशाची, किकुयू लोकांतली, एक कॅथलिक बाई. तीन मुलांची आई, एका नातीची आजी. तिचें नांव वांगारी माथाई. तिच्या देशांत तिला स्वाहिली भाषेंत 'मामा मिती', म्हणजे झाडांची आई, म्हणत. २५ सप्टेंबर २०११ रोजीं ती वारली. झाडें लावा, झाडें जगवा, हा उपदेश अलीकडे इतका गुळगुळीत झाला आहे कीं तो कानांवर पडतांच माणूस जांभई देतो. म्हणून प्रारंभींच सांगून टाकतों : ही गोष्ट जितकी झाडें लावण्याची आहे, तितकीच झाडांपायीं मार खाण्याचीही आहे.

वांगारीबाईंचा जन्म १ एप्रिल १९४० रोजीं न्येरी जिल्ह्यांतील इहिथे नांवाच्या खेड्यांत झाला. तेथून केनया पर्वत दिसतो. किकुयू लोकांत पूर्वीं एक सुंदर चाल होती. मूल जन्मलें कीं गांवच्या बायका आपापल्या शेतांतलीं हिरवीं केळीं, रताळीं व ऊंस घेऊन बाळंतिणीकडे जात, आणि त्यांचा रस आईचें दूध पाजण्यापूर्वींच बाळाच्या तोंडांत थेंबथेंब घालीत. म्हणजे आपण जशी घुटी देतों तसेंच; परंतु ही घुटी जमिनीची. तिकडे पहिल्या मुलीला बापाच्या आईचें नांव ठेवीत. त्याप्रमाणें या मुलीला आजीचें वांगारी हें नांव मिळालें. थोरल्या नातीला आजीचें नांव ठेवणारीं घरें आपल्यांतही आहेत. तेव्हां ही गोष्ट येथें कोणास परकी वाटूं नये.

त्यांच्या घराजवळ एक मोठें मुगुमोचें झाड होतें. मुगुमो हें आपल्या वड-उंबराच्या गणगोतांतलें झाड. सरपण आणावयास निघालेल्या लहान वांगारीला आईनें बजावून सांगितलें होतें कीं, त्या झाडाच्या काटक्या देखील आणावयाच्या नाहींत. तें देवाचें झाड आहे. तें तोडावयाचें नाहीं, जाळावयाचें नाहीं. त्याच्याच जवळून एक झरा वाहत असे. पाण्याच्या कांठीं अळूसारख्या कंदांचीं रुंद पानें, आणि त्यांखालीं बेडकांच्या अंड्यांच्या काळ्या, पांढऱ्या, तपकिरी माळा. ते मणीच आहेत असें समजून ती पोर त्यांची माळ करून गळ्यांत घालूं पाही, आणि त्या हातांत येतांच तुटून जात. पुढें कांहीं दिवसांनीं त्याच पाण्यांत वळवळणाऱ्या शेपट्यांचीं पिलें दिसत, आणि मग तींही नाहींशीं होत. अंडें, पिलूं आणि बेडूक यांचें नातें तिला शाळेंत गेल्यावर कळलें.

बऱ्याच वर्षांनीं, परदेशांतून शिकून आल्यावर, वांगारीबाई त्या जागीं गेल्या तों जमीन दुसऱ्याकडे गेलेली. नव्या मालकाला त्या झाडानें फार जागा अडविलेली वाटली. त्यानें तें तोडून चहा लावला होता. झरा आटला होता. झाडाच्या जागीं उघडें रान पडलें होतें, तेथें कांहीं उगवेना. तेव्हां त्या शास्त्रज्ञ झालेल्या बाईला आईच्या बोलण्याचें मर्म उमगलें. त्या झाडाचीं मुळें खडक भेदून खोल जात, भूमिगत पाणी त्या वाटेनें वर येई व तोच झरा होई. डोंगरउतारावरची मातीही तींच मुळें धरून ठेवीत. आईला जलशास्त्र येत नव्हतें. तिला 'हें देवाचें आहे' एवढेंच येत होतें, आणि तेवढ्यानें पिढ्यान्‌ पिढ्या काम भागलें होतें.

येथें एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे, आणि ती आपल्याच घरांत बोलणें बरें. वांगारीबाईंनीं आपल्या लेखनांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, गोऱ्या मिशनऱ्यांनीं त्यांच्या लोकांस शिकविलें कीं देव पर्वतावर नाहीं, झाडांत नाहीं. तो देवळांत आहे. लोकांनीं तें ऐकलें, आणि पर्वताचा व झाडाचा धाक गेला. धाक गेल्यावर कुऱ्हाड यावयास वेळ लागला नाहीं. हें ऐकून कोणाला कडू लागलें तर आम्ही त्यांस दोष देणार नाहीं. परंतु हें बोलणारी बाई ख्रिस्तसभेची वैरीण नव्हती. ती आपल्या धर्मभगिनींच्या मांडीवर वाढलेली लेंक होती, आणि लेंकीनें आईला चार शब्द ऐकविले तर त्यांत नवल तें काय? सृष्टि ही देव नव्हे हें खरेंच. पण ती देवाची आहे हें सांगावयाचें राहून गेलें असेल, तर तो दोष शुभवर्तमानाचा नसून सांगणाऱ्यांच्या घाईचा होय, असें आमचें मत आहे.

मुलींना शाळेंत घालण्याची त्या काळीं तेथें फारशी रीत नव्हती. थोरल्या भावानें एके दिवशीं आईला विचारलें, 'वांगारी आमच्यासारखी शाळेंत कां जात नाहीं?' आईनें विचार केला व म्हणाली, 'कां जाऊं नये, तें मलाही सांगतां येत नाहीं.' या एका प्रश्नोत्तरावर पुढचें सारें आयुष्य उभें आहे. अकराव्या वर्षीं ती न्येरी येथील मिशनच्या सेंट सिसिलिया शाळेंत राहावयास गेली. तेथें इटालियन कॉन्सोलाता धर्मभगिनी होत्या. घरच्यांनीं बाप्तिस्म्यांत तिचें नांव मिरियम ठेवलेलें होतें. आतां ती कॅथलिक झाली आणि पवित्र मरिया व संत जोसेफ यांच्यावरून मेरी जोसेफीन हें नांव तिनें घेतलें. मरियेच्या सेनेंतही, म्हणजे लिजन ऑफ मेरींत, ती दाखल झाली. त्या शाळेंत एक खूण असे : जी मुलगी आपल्या मातृभाषेंत बोलतांना सांपडे तिला ती दिवसभर अंगावर बाळगावी लागे. घरची भाषा बोलणें म्हणजे लाज, असा तो धडा. पुढें अमेरिकेंत गेल्यावर त्यांनीं आपलें वांगारी हेंच नांव पुन्हां धारण केलें. मात्र धर्मभगिनींची माया त्या जन्मभर आठवीत राहिल्या. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनांत सुखानें नांदूं शकतात.

सेंट सिसिलियांत पहिला नंबर मिळवून त्या लिमुरू येथील लोरेटो शाळेंत गेल्या. लोरेटो म्हणजे तोच आयरिश धर्मभगिनींचा संघ, ज्यांत मदर तेरेसा प्रथम दाखल झाल्या होत्या. तेथें विज्ञान शिकविणाऱ्या धर्मभगिनीला काचेच्या नळ्या व बशा धुवावयास मदत करतां करतां या मुलीला शास्त्राची गोडी लागली. १९५९ सालीं ती तेथून बाहेर पडली. १९६० सालीं केनयांतील सुमारें तीनशें विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस नेण्यांत आलें. त्यांत ती होती. कॅन्सस संस्थानांतील ॲचिसन गांवीं बेनेडिक्टाइन धर्मभगिनींच्या माउंट सेंट स्कोलॅस्टिका कॉलेजांत तिनें १९६४ सालीं जीवशास्त्राची पदवी घेतली, १९६६ सालीं पिट्सबर्ग येथें त्यापुढची. १९७१ सालीं नैरोबी येथें डॉक्टरेट मिळाली. पूर्व व मध्य आफ्रिकेंत हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. विषय जनावरांच्या शरीररचनेचा. अशी ही गुरांची पंडित झाडांकडे कशी वळली, तें आतां पाहूं.

गुरांना गोचिडींमुळें होणाऱ्या एका रोगाचा त्या अभ्यास करीत होत्या. त्यासाठीं खेड्यांत जाऊन गाईंच्या अंगावरच्या गोचिड्या जमा करावयाच्या. जमा करतां करतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, गाईच्या फासळ्या मोजतां येत आहेत. रानांत गवत नाहीं. पाऊस पडला कीं नद्या तांबूस गढूळ होऊन वाहतात. म्हणजे ती शेताची मातीच वाहून चालली आहे. त्याच सुमारास स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेंत खेड्यापाड्यांतल्या बायकांचीं गाऱ्हाणीं त्यांच्या कानीं आलीं : सरपण मिळत नाहीं, पिण्याचें पाणी दूर गेलें, मुलांना पोटभर सकस अन्न नाहीं. जेथें पूर्वीं रान व अन्नाचीं शेतें होतीं तेथें चहा-कॉफी आली होती. सरपण नाहीं म्हणून बाई लवकर शिजणारें तेवढेंच शिजवी, आणि त्यानें मुलें अशक्त होत. वांगारीबाई म्हणाल्या, मग आपण झाडें कां लावूं नयेत? इतकें साधें उत्तर एखाद्या पंडितानें दिलें म्हणजे लोकांना तें खरें वाटत नाहीं.

पहिला प्रयत्न फसला. त्यांनीं नैरोबीस एक रोपवाटिका काढली. पैसा नव्हता, पाण्याचा तुटवडा पडला, आणि रोपें वाळून गेलीं. पुढें ५ जून १९७७ रोजीं परिषदेच्या स्त्रियांनीं मिरवणुकीनें जाऊन नैरोबींतील कामुकुंजी मैदानांत सात झाडें लावलीं. तोच 'ग्रीन बेल्ट' म्हणजे हिरव्या पट्ट्याच्या चळवळीचा आरंभ. त्या सातांपैकीं जगलीं तीं दोनच.

मग खेड्यांतल्या बायकांना रोपें करावयास शिकवावें म्हणून सरकारी वनखात्याच्या माणसांस बोलावलें. त्यांनीं जमिनीचा उतार, खड्ड्याची खोली, बियांची जात असें मोठें शास्त्र सांगितलें. अडाणी बायकांस हें जमणार नाहीं, झाडें लावावयास पदवी लागते, असाही त्यांचा सूर होता. वांगारीबाईंनीं बायकांना सांगितलें, हें सारें विसरा. मका नि घेवडा पेरतांना तुम्हांला कोणी पदवी विचारली होती? बी ओळखतां, माती ओळखतां, तेवढें पुरे. बायकांनीं रानांतून बी आणलें. पिशव्या नव्हत्या तेव्हां फुटक्या मडक्यांत पेरलें, आणि कोंबड्या-बकऱ्यांनीं खाऊं नये म्हणून तीं मडकीं उंचावर ठेवलीं. आमच्या आज्यांनीं तरी याहून वेगळें काय केलें असतें? त्या बायकांना पुढें 'पदवीशिवायच्या वनाधिकारी' असें कौतुकानें म्हणूं लागले. जें झाड लावल्यानंतर जगलें असें पाहणी करून ठरे, त्यासाठींच बाईच्या हातांत मोबदला पडे : अमेरिकन चार सेंट. रक्कम क्षुल्लक, परंतु पुष्कळ जणींच्या हातांत आपल्या नांवानें आलेला तो पहिला पैसा होता. लावल्याबद्दल कांहीं नाहीं, जगविल्याबद्दल सारें, हा नेम आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. फोटो काढून निघून जाणाऱ्यांस त्यांत एक पैही मिळाली नसती. २००४ सालापर्यंत या रीतीनें तीन कोटींच्या वर झाडें लागलीं.

घरीं मात्र सुख नव्हतें. पतीनें घर सोडलें, १९७९ सालीं कोर्टांत घटस्फोट झाला. न्यायाधीशाच्या निकालावर टीका केली म्हणून त्यांस तुरुंगाचीही वाट पाहावी लागली. पतीनें आपलें 'मथाई' हें आडनांव वापरूं नको म्हटलें, तेव्हां त्यांनीं त्यांत आणखी एक अ-कार घालून 'माथाई' केलें. इंग्रजी लिपींत तें एक अक्षर वाढलेलें दिसतें. त्या घरगुती दुःखाविषयीं आम्ही अधिक बोलणार नाहीं.

१९८९ सालीं सरकारच्या मनांत आलें कीं, नैरोबीच्या मध्यावरच्या उहुरू बागेंत साठ मजल्यांची इमारत बांधावी, आणि तिच्याजवळ राष्ट्राध्यक्षांचा पुतळा उभारावा. ती बाग म्हणजे गोरगरिबांची रविवारची बसण्याची जागा. वांगारीबाईंनीं पत्रांवर पत्रें लिहिलीं : सरकारला, वर्तमानपत्रांना, परदेशांतील भांडवल देणाऱ्यांना. पार्लमेंटांत त्यांची टर उडविण्यांत आली. चळवळींतल्या बायकांना 'नवऱ्यांनीं टाकलेल्या' म्हणून हिणविलें. चळवळीची कचेरी सरकारी जागेंत होती ती काढून घेतली, आणि सारा कारभार बाईंच्या लहानशा घरांत आला. पण परदेशच्या भांडवलवाल्यांनीं हात आंखडला, आणि ती इमारत झाली नाहीं. बाग अजून बागच आहे.

त्याच बागेच्या एका कोपऱ्यांत १९९२ सालच्या फेब्रुवारींत कांहीं म्हाताऱ्या आया येऊन बसल्या. त्यांचे मुलगे राजकीय मतांसाठीं तुरुंगांत होते. मुलगे सुटेपर्यंत अन्न घ्यावयाचें नाहीं असा त्यांचा निश्चय. वांगारीबाई त्यांच्याबरोबर बसल्या. ३ मार्च रोजीं पोलिसांनीं अश्रुधूर व लाठ्या चालविल्या. बाई बेशुद्ध होऊन रुग्णालयांत पोंचल्या. तेव्हां कांहीं आयांनीं पोलिसांच्या समोर आपलीं वस्त्रें उतरलीं. त्या देशांत आईनें आपल्या मुलाच्या वयाच्या पुरुषासमोर असें करणें म्हणजे त्यास भयंकर शाप होय, आणि तो पोलिसांस समजला. मग जवळच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलनें त्या बायकांस आसरा दिला. तें देऊळ आपलें नव्हे, अँग्लिकन बांधवांचें. आणि त्यांनीं जवळजवळ एक वर्ष त्या आयांना तेथें राहूं दिलें. १९९३ सालच्या आरंभापर्यंत बहुतेक सारे मुलगे सुटून आले. झाडांच्या कामाशीं कैद्यांचा काय संबंध, असें कोणी विचारील. बाईंचें उत्तर असें कीं, जें सरकार जंगल विकतें तेंच बोलणाऱ्यास तुरुंगांत घालतें; एकाला सोडून दुसऱ्याला धरतां येत नाहीं.

पुढें नैरोबीच्या उत्तरेस असलेलें करूरा जंगल बंगल्यांसाठीं बड्या लोकांस वांटून देण्याचा घाट घातला गेला. ८ जानेवारी १९९९ रोजीं वांगारीबाई कांहीं मंडळी घेऊन तेथें झाड लावावयास गेल्या. फाटकापाशीं भाडोत्री माणसांनीं त्यांना मारहाण केली, डोकें फुटलें. त्या वेळीं त्यांचें वय अठ्ठावन्न. तशाच पोलिसठाण्यावर जाऊन त्यांनीं तक्रार लिहविली, आणि खालीं सही करावयाच्या जागीं आपल्याच रक्तानें फुली केली. त्याच वर्षीं ऑगस्टांत सरकारनें सार्वजनिक जमिनींचें वांटप थांबविल्याचें जाहीर केलें. करूरा जंगल वांचलें.

२००२ सालीं राज्य बदललें, आणि तेटू मतदारसंघाच्या लोकांनीं शेंकडा अठ्ठ्याण्णव मतांनीं त्यांना पार्लमेंटांत पाठविलें. मग त्या पर्यावरणाच्या उपमंत्री झाल्या. ८ ऑक्टोबर २००४ रोजीं न्येरीकडे जात असतांना शांततेचें नोबेल पारितोषिक मिळाल्याची बातमी आली. हा मान मिळविणारी ती पहिली आफ्रिकन स्त्री. आनंद कसा साजरा करावा? वाटेंत एका हॉटेलच्या आवारांत, केनया पर्वताकडे तोंड करून, त्यांनीं गुडघे टेंकले, हातांनीं माती सारली व एक झाड लावलें. तें 'नांदी फ्लेम' नांवाचें झाड आपल्यांतल्या पुष्कळांनीं पाहिलें आहे, फक्त नांव ठाऊक नाहीं : मुंबईच्या रस्त्यांच्या कडेला शेंदरी फुलांचा तुरा घेऊन उभी असते ती पिचकारी. मुलें तिच्या कळ्या दाबून एकमेकांवर पाणी उडवितात. ती मूळची आफ्रिकेचीच. आपल्या भारतानेंही वांगारीबाईंना जवाहरलाल नेहरू पुरस्कार व इंदिरा गांधी पुरस्कार, असे दोन्ही सन्मान दिले.

उतारवयांत त्या पुन्हां धर्माविषयीं लिहूं लागल्या. २०१० सालीं त्यांचें या विषयावर पुस्तकच निघालें. त्यांची एक सूचना आमच्या मनांत घर करून राहिली आहे. त्या म्हणत कीं, प्रभु येशूला ज्या क्रुसावर खिळलें तो करावयास कोणी तरी एक झाड तोडलेंच असेल. मग पुनरुत्थानाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशीं, सोमवारीं, जगभरच्या ख्रिस्ती लोकांनीं एकेक झाड कां लावूं नये? आमच्याकडे त्या सोमवारीं उन्हाळा असतो, आणि रोप जगविणें पावसाळ्यापेक्षां कठीण. परंतु ज्यांच्या घरीं विहीर आहे त्यांस तें अगदींच अशक्य नाहीं. आमच्या मंडळांतल्या भगिनींनीं यावर विचार करावा. फादरांनीं परवानगी दिल्यास देवळामागची जागा मोकळी आहे.

अखेरच्या दिवसांत त्यांस कर्करोगानें गांठलें. त्यांचें म्हणणें असें कीं, जन्मभर झाडें वांचविलीं, आतां माझ्या मृतदेहासाठीं एकही झाड तोडूं नये. म्हणून त्यांची शवपेटी लांकडाची नव्हती. बांबूच्या कामट्यांवर पाणगवत आणि जलपर्णी विणून ती केली होती. तीच जलपर्णी, जी तिकडच्या सरोवरांना आणि इकडच्या नद्यांना गुदमरवून टाकते. ८ ऑक्टोबर २०११ रोजीं ती पेटी राष्ट्रीय इतमामानें उहुरू बागेंत आणली. ज्या बागेसाठीं पार्लमेंटानें त्यांची टवाळी केली, तेथेंच देशाचे राष्ट्राध्यक्ष त्यांना मानवंदना द्यावयास उभे होते. नंतर त्यांच्या इच्छेप्रमाणें दहनविधि झाला. १९६३ सालापासून ख्रिस्तसभेची त्यास मनाई नाहीं, हें येथें सांगून ठेवतों, कारण सभेनंतर कोणी तरी आम्हांस तें विचारणारच. मागें दोन मुलगे, एक मुलगी आणि एक नात राहिली. त्या नातीच्या नांवांतही 'वांगारी' आहे.